रंध्याने घडवला रंधा: लेनिनग्राडच्या चित्रपुस्तकांची कहाणी (१९२२ ते १९३७)

१/
एक सुखवस्तू बाई रेल्वेने प्रवासाला निघाली आहे. तिने मालडब्यात सामान नोंदवले: सोफा, पेटी, हातातली बॅग, तसबीर, करंडी, पुठ्ठ्याचा डबा आणि एक चिमुकले कुत्रे. वाटेतल्या एका स्थानकावर सामान मोजले तर कुत्रे गायब! नोकरांची पाचावर धारण बसली. तेवढ्यात चाकांपाशी एक दांडगे, केसाळ, बेवारशी कुत्रे दिसले. ते पकडून त्याच यादीत बसवले. मुक्कामी बाईने आकांत मांडला, तेव्हा तिला शांतपणे सांगण्यात आले की, प्रवासात कुत्रे वाढले असेल.

२/
ही गोष्ट १९२६ साली लेनिनग्राडमध्ये छापलेल्या एका पातळशा पुस्तकातली. नाव 'बगाझ', म्हणजे 'सामान'. कविता साम्युइल मार्शाक यांची, चित्रे व्लादिमिर लेबेदेव यांची. आज जगभर ज्याला 'चित्रपुस्तक' म्हणतात, ज्यात शब्द आणि चित्र दोन पायांसारखे आळीपाळीने पुढे पडतात, त्या प्रकाराच्या जडणघडणीत या शहराचा आणि या दोघांचा फार मोठा वाटा आहे. आणि या कामाची किंमत त्यांच्या सहकाऱ्यांपैकी काहींनी प्राण देऊन चुकवली. आजचा धागा त्याविषयी.

३/
आधी थोडे मागे जाऊ. क्रांतिपूर्व रशियात सुंदर बालपुस्तके नव्हती असे नाही. इव्हान बिलिबिनने लोककथांना काढलेली वेलबुट्टीच्या चौकटीतली चित्रे प्रसिद्धच आहेत. अलेक्सांद्र बेनुआने १९०४ साली केलेली सचित्र मुळाक्षरे पाहिली की डोळे निवतात. पण हे ग्रंथ महाग होते, दिवाणखान्यात जपून ठेवण्याचे होते. त्यांतले चित्र गोष्टीला घातलेल्या दागिन्यासारखे असे. दागिना काढून ठेवला तरी गोष्टीला काही उणे पडत नसे.

४/
१९१७ नंतर सारेच बदलले. देशातली मोठी प्रजा निरक्षर. कागदाचा दुष्काळ. यादवी युद्ध चालू. अशा वेळी लेबेदेव (जन्म १८९१) पेत्रोग्राडमध्ये भित्तिपत्रके काढत होता. वृत्तसंस्थेच्या बातम्या चित्ररूपाने दुकानांच्या रिकाम्या खिडक्यांत लावल्या जात, आणि त्याने अशी शेकडो पत्रके केली. रस्त्याने घाईत जाणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या माणसाला चार ठसठशीत आकारांत गोष्ट कळली पाहिजे, ही ती शाळा. छाया नाही, पार्श्वभूमी नाही, नक्षी नाही. जे सांगायचे नाही ते काढायचे नाही.

५/
त्याच हाताने १९२२ साली 'हत्तीचे पिल्लू' हे पुस्तक केले. मूळ गोष्ट रडयार्ड किप्लिंगची. हा किप्लिंग आपल्या मुंबईत, १८६५ साली जन्मला. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत. 'जस्ट सो स्टोरीज' (१९०२) या संग्रहाला किप्लिंगने स्वतःच चित्रे काढली होती. काळ्या शाईची ती गुंतागुंतीची चित्रे आणि त्यांखाली लांबलचक खुलासे.

६/
लेबेदेवने नेमके उलट केले. पांढरे पान, आणि त्यावर काळ्या व राखाडी रंगाचे सपाट तुकडे. पिल्लाचा पाय, पोट, कान हे तुकडे एकमेकांना चिकटवलेलेही नाहीत. मधे पांढरी फट सोडली आहे, आणि ती फट पाहणाऱ्याचा डोळाच भरून काढतो. जमीन दाखवलेली नाही, तरी प्राण्याचे वजन जाणवते. झाड नाही, तरी रान आहे. मूल हे चित्र 'पाहत' नाही, ते जुळवते. माझ्या मते आधुनिक बालचित्रकलेतला हा एक निर्णायक क्षण आहे, आणि तो केवळ दोन रंगांत घडला.

७/
नव्या आर्थिक धोरणामुळे त्या काळी खासगी प्रकाशकांना थोडी मोकळीक मिळाली होती. लेव्ह क्ल्याच्को नावाच्या जुन्या पत्रकाराने १९२२ साली 'रादुगा' (इंद्रधनुष्य) ही संस्था काढली. कोर्ने चुकोव्स्कीचे 'मोयदोदिर' इथलेच (१९२३). आंघोळीला कंटाळणाऱ्या मुलापासून घरातल्या वस्तू पळ काढतात, आणि हात धुण्याचे भांडे त्याला दरडावते. चुकोव्स्कीने या पुस्तकाला 'मुलांसाठी चलच्चित्रपट' असे उपशीर्षक दिले होते. पान उलटणे म्हणजे दृश्य बदलणे, ही जाण त्या उपशीर्षकात आहे. 'रादुगा' हे नाव लक्षात ठेवा. ते आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

८/
थोड्याच काळात सरकारी प्रकाशनाचा बालविभाग लेनिनग्राडमध्ये उभा राहिला. मार्शाक (जन्म १८८७) साहित्याचा सूत्रधार, लेबेदेव चित्रांचा. कचेरी नेव्स्की राजमार्गावर, ज्या इमारतीला सारे 'पुस्तकगृह' म्हणत तिच्या वरच्या मजल्यावर. ही इमारत मूळची सिंगर कंपनीची, म्हणजे आपल्या आजीच्या घरातल्या शिवणयंत्रावर जिचे नाव असे तीच. मार्शाक तरुणपणी इंग्लंडात राहून आला होता आणि तिथल्या बालगीतांचे अनुवाद करत होता. त्या गीतांची टणटणीत लय त्याच्या कानात बसली होती.

९/
आता या जोडीच्या कामाकडे जरा निवांतपणे पाहू, कारण सगळी मेख इथेच आहे.

'सर्कस' (१९२५) या पुस्तकात चित्रे आधी झाली, आणि मार्शाकने त्यांवर कविता रचली. विदूषक, एकचाकीवरची कसरतपटू, एकेक पान म्हणजे एकेक जाहिरात. तोवरची रीत अशी की लेखक लिहितो आणि चित्रकार त्याच्या मागून कंदील धरून चालतो. इथे कवी चित्रकाराच्या मागून चालला, आणि पुस्तकाला त्याने काही उणेपणा आला नाही.

१०/
'आइस्क्रीम' (१९२५). गाडीवाला आइस्क्रीम विकत गल्लीतून जातो. एक लठ्ठ, श्रीमंत गृहस्थ येतो आणि खातच सुटतो. चमच्यावर चमचे. हळूहळू त्याच्या अंगावर बर्फ चढतो, शेवटी त्याचाच बर्फाचा ढिगारा होतो आणि मुले त्यावर घसरू लागतात. गोष्ट लय आणि पुनरुक्तीवर चालते, पण माणसाचा ढिगारा होण्याची क्रिया चित्राच्या ताब्यात आहे. सुरुवातीपासूनच तो एक गोल, फुगीर आकार आहे. त्यामुळे शेवटी तो टेकडी झाला याचे मुलाला नवल वाटत नाही, हसू येते. त्या काळच्या नवश्रीमंत व्यापाऱ्याची ही टिंगल मोठ्यांना कळत असे. मुलांना तिची गरज नव्हती.

११/
आणि 'सामान'. कवितेत सामानाची यादी पुनःपुन्हा येते, त्याच क्रमाने, त्याच ठेक्यात. लेबेदेवने त्या वस्तू पांढऱ्या पानावर सुट्या सुट्या मांडल्या. ज्याला अक्षर येत नाही ते मूल दुसऱ्या वाचनाला एकेका वस्तूवर बोट ठेवून यादी 'वाचू' लागते. यादी ही कागदी जगाची भाषा आहे: नग मोजले, पावती फाडली, काम संपले. पण चित्रातले कुत्रे यादीला जुमानत नाही. एका जागी चिमुकले होते, तिथे आता दांडगे उभे आहे. कागदावर हिशेब जुळतो, डोळ्यांना तो जुळत नाही. मुले ज्यावर खदखदून हसतात ती विसंगती इथे आहे.

१२/
इथे एक गोष्ट सहज विसरली जाते. चित्रपुस्तक दोघे मिळून वाचतात. मोठ्या माणसाचे डोळे ओळीवर असतात, मुलाचे चित्रावर. म्हणजे वाचणाऱ्याच्या तोंडून शब्द निघण्याआधीच मुलाला पुढचे दिसलेले असते. त्याला काही क्षण वाचणाऱ्यापेक्षा जास्त माहीत असते. लहान मुलाला आयुष्यात अशी संधी क्वचितच मिळते. लेबेदेव आणि मार्शाक यांनी ती हेतुपुरस्सर दिली.

१३/
याच काळात दोघांनी वस्तूंच्या गोष्टी केल्या. 'काल आणि आज' (१९२५) मध्ये रॉकेलचा दिवा विजेच्या दिव्याशी भांडतो, पाण्याची कावड आणि बादल्या नळावर रागावतात, दौत-टाक टंकयंत्राला नावे ठेवतात. 'रंध्याने रंधा कसा घडवला' (१९२७) मध्ये सुताराची हत्यारे नवा रंधा तयार करतात. या दुसऱ्या पुस्तकात लेबेदेवने लाकडाचे पोत असे दाखवले आहेत की पानावरून हात फिरवावासा वाटतो. कारागिराच्या कामाविषयी इतके निर्मळ पुस्तक मला दुसरे माहीत नाही.

१४/
मिखाईल त्सेखानोव्स्कीने चित्रे काढलेले मार्शाकचे 'टपाल' (१९२७) हे याच घराण्यातले. बोरिस झित्कोव्ह या लेखकाच्या नावे निघालेले एक पत्र त्याला गाठण्यासाठी देशोदेशी हिंडते. लेनिनग्राड, बर्लिन, लंडन, ब्राझील आणि पुन्हा लेनिनग्राड. प्रत्येक देशाचा पोस्टमन वेगळा, त्याची चाल वेगळी. झित्कोव्ह हा खरा माणूस होता, मार्शाकचा सहकारी आणि जहाजावर काम केलेला. पुढे १९२९ साली त्सेखानोव्स्कीनेच या पुस्तकाचा ॲनिमेशनपट केला. चित्रपुस्तक आणि चित्रपट हे सख्खे शेजारी आहेत, हे चुकोव्स्कीचे उपशीर्षक असे अक्षरशः खरे ठरले.

१५/
छपाईविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण या चित्रांचे रूप छापखान्यात ठरले. ही पुस्तके शिळाछापाची. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे. दगड ओला केला की शाई फक्त तेलकट जागी बसते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. आपल्याकडे रविवर्म्याच्या छापखान्यातली देवादिकांची चित्रे याच तंत्राने निघत. पण तिथे तैलचित्राचा आभास आणण्यासाठी दगडांवर दगड चढवले जात. लेनिनग्राडला पैसा नव्हता. दोन-चार रंग, तेही सपाट.

१६/
लेबेदेवचा आग्रह असा की चित्रकाराने छापखान्यात जावे आणि दगडावर स्वतः काम करावे. म्हणजे मधला नक्कल करणारा कारागीर गेला, आणि मुलाच्या हाती पडणारी प्रत ही मूळ चित्राची नक्कल उरली नाही. शिळाछापात छापलेली प्रत हेच मूळ चित्र. दारिद्र्यातून आलेली ही शैली पुढे श्रीमंत देशांनी हौसेने उचलली.

१७/
हाताशी चित्रकारही कसे! वनचरांची पिले काढणारा येवगेनी चारुशिन, जो गोष्टीही स्वतः लिही. कोनाशेविच, लाप्शिन, तिर्सा, पाखोमोव्ह. आणि वेरा येर्मोलायेवा. लहानपणच्या अपघाताने पाय निकामी झालेली ही चित्रकर्ती कुबड्यांवर चाले. वितेब्स्कच्या कलाशाळेची ती प्रमुख होती. कवी दानील खार्म्सच्या 'इव्हान इव्हानिच सामोवार' या कवितेला तिने चित्रे काढली. सामोवारपुढे घरातली माणसे चहासाठी क्रमाने येतात, आणि उशिरा उठलेल्या आळशी सेर्योझाला उकळते पाणी शिल्लकच राहत नाही, एवढीच ती गंमत.

१८/
या गंमतीचेच काहींना वावडे होते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस शिक्षणतज्ज्ञांच्या एका बलाढ्य गटाने मोहीम उघडली की बोलणारे प्राणी आणि चालणाऱ्या वस्तू मुलांची दिशाभूल करतात, सोव्हिएत बालकाला वास्तवच द्यावे. फेब्रुवारी १९२८ मध्ये 'प्रावदा'त क्रुप्स्काया यांनी, म्हणजे लेनिनच्या पत्नीने, चुकोव्स्कीच्या 'मगर' या काव्यावर कठोर टीका केली. गोर्कीने मधे पडून बचाव केला. पुढे मार्शाकच्या बाजूनेही तोच उभा राहिला. 'रादुगा' मात्र १९३० साली बंद पडली.

१९/
इथे या लढ्याचा खरा मुद्दा दिसतो. बोलणाऱ्या मगरीवर तोफा डागल्या, तरी भीती मगरीची नव्हती. जे चित्र मजकुराची री ओढत नाही त्यावर पहारा ठेवता येत नाही. शब्दाची तपासणी करता येते, ओळ खोडता येते. पण ओळ आणि चित्र यांच्या मधल्या जागेत मुलाने काय जुळवले, ते कोणत्या अधिकाऱ्याला सांगता येणार? हा माझा तर्क आहे, दस्तऐवज नव्हे. पण पुढच्या घटना पाहिल्या की तो फार दूरचा वाटत नाही.

२०/
१९३१च्या डिसेंबरात खार्म्स आणि त्याचा मित्र कवी व्वेदेन्स्की यांना अटक झाली. १९३४च्या डिसेंबरात किरोव्हच्या हत्येनंतर धरपकड वाढली, तीत येर्मोलायेवा सापडली. २८ जानेवारी १९३६ रोजी 'प्रावदा'ने शोस्ताकोविचच्या संगीतिकेवर तो कुप्रसिद्ध हल्ला चढवला. महिना उलटला आणि १ मार्चला त्याच पत्रात लेख आला: 'रंगफाश्या चित्रकारांविषयी'. लक्ष्य होते लेबेदेव, आणि निमित्त मार्शाकच्या कथा-कवितांच्या एका संग्रहाला त्याने काढलेली चित्रे. आरोप असा की या माणसाने मुले, प्राणी, वस्तू, सारे विद्रूप केले. लेखाखाली कोणाची सही नव्हती. त्याचा अर्थ तेव्हा सर्वांना कळत असे.

२१/
१९३७ साली लेनिनग्राडची ती संपादकीय कचेरी मोडून काढण्यात आली. संपादक आणि लेखक पकडले गेले. निकोलाय ओलेइनिकोव्ह या कवी-संपादकाला त्या नोव्हेंबरात गोळी घातली. मुलांसाठी विज्ञान लिहिणारा पदार्थवैज्ञानिक मात्वेई ब्रोनस्टाइन फेब्रुवारी १९३८ मध्ये मारला गेला. त्याची पत्नी लिदिया ही चुकोव्स्कीची मुलगी आणि याच कचेरीतली संपादिका.

कुबड्यांवर चालणाऱ्या वेरा येर्मोलायेवाला कझाकस्तानच्या छावणीत १९३७ साली गोळी घातली.

२२/
खार्म्स १९४२च्या फेब्रुवारीत, वेढा पडलेल्या लेनिनग्राडमध्ये, तुरुंगाच्या रुग्णालयात मरण पावला. लाप्शिन आणि तिर्साही त्याच वर्षी गेले. मार्शाक तोवर मॉस्कोला निघून गेला होता. तो वाचला, आणि पुढे देशाचा लाडका बालकवी म्हणून १९६४ साली वारला.

लेबेदेवही वाचला. १९६७ पर्यंत जगला. त्याने आपलीच जुनी पुस्तके पुन्हा चितारली: गोलाई दिलेली, छायांकित, गोड, निरुपद्रवी. 'सामान'च्या १९२६च्या आणि नंतरच्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या की पोटात कालवते. नंतरच्या चित्रांत चूक काही नाही. हात तोच, कौशल्य तेच. फक्त मुलाने जुळवायचे असे काही शिल्लक ठेवलेले नाही. त्याला दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. आजूबाजूला काय घडत होते ते वर आलेच आहे.

२३/
पण तोवर बीज बाहेर पडले होते. १९२९ साली पॅरिसमध्ये सोव्हिएत बालपुस्तकांचे प्रदर्शन झाले. कवयित्री मारिना त्स्वेतायेवा तेव्हा तिथे निर्वासित म्हणून हलाखीत राहत होती. तिने १९३१ साली या पुस्तकांची मनापासून तारीफ केली, आणि निर्वासितांच्या वर्तुळात ती अनेकांना रुचली नाही. त्याच वर्षी पॅरिसमध्ये पॉल फोशेने 'पेर कास्तोर' ही स्वस्त चित्रपुस्तकांची माला सुरू केली. तिच्या पहिल्या चित्रकारांत होती नाताली पारँ, मॉस्कोच्या नव्या कलाशाळेत शिकलेली. १९४० साली ब्रिटनमध्ये नोएल कॅरिंग्टनने 'पफिन' चित्रपुस्तके काढली, तीही शिळाछाप तंत्राने. रशियन पुस्तकांचा नमुना त्याच्यापुढे होता. म्हणजे ज्या शैलीला मायदेशी 'फासलेले रंग' म्हटले, ती लंडन-पॅरिसच्या मुलांच्या उशाशी पोचली.

२४/
आणि महाराष्ट्र? आपल्यापैकी चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या अनेकांच्या घरी मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तके होती. गुळगुळीत कागद, बर्फ, अस्वले, बर्च झाडे आणि कुठेतरी किंचित परकी वाटणारी मराठी. 'प्रगती प्रकाशन'ची ही पुस्तके लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांतून आणि प्रदर्शनांतून नाममात्र किमतीत मिळत. त्यांतली चित्रे बहुतेक पुढच्या पिढीच्या चित्रकारांची, म्हणजे वादळ सरल्यानंतरची. तरी पांढरे पान मोकळे सोडण्याची सवय, प्राण्याच्या केसाळपणाचा पोत, अक्षर आणि चित्र एकत्र बसवण्याची दृष्टी यांत पुस्तकगृहाच्या वरच्या मजल्यावरची शिकवण ओळखू येते. चारुशिनची पिले एकदा पाहा, म्हणजे त्यांतली किती अस्वले कोणाच्या घरची ते कळेल.

२५/
१९८२ साली 'प्रगती'चा ललित आणि बालसाहित्याचा विभाग वेगळा झाला. नव्या संस्थेचे नाव ठेवले 'रादुगा'. साठ वर्षांपूर्वी क्ल्याच्कोने निवडलेला, आणि १९३० साली पुसला गेलेला तोच शब्द. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात ते होते का, इंद्रधनुष्य हा शब्द मुलांच्या पुस्तकांना सहजच सुचतो म्हणून ते झाले, याचा निवाडा ज्याने त्याने करावा.

२६/
घरात असे एखादे पुस्तक शिल्लक असेल तर शेवटचे पान उघडा. वाचकांनी अनुवादाविषयी आणि सजावटीविषयी आपले मत कळवावे अशी विनंती तिथे असे, आणि खाली पत्ता: १७, झुबोव्स्की बुलेव्हार, मॉस्को. 'सजावट' हा शब्द त्या विनंतीत कायम असायचा.